एमडीचं विचारा, सेक्सचंही विचारा, आणि दोन्ही एकाच खोलीत विचारा

मुंबई-पुण्यात एमडी म्हणजे काय हे आता कॉलेजातल्या पोरांना सांगावं लागत नाही. मेफेड्रोन, म्याऊ म्याऊ, नुसती पावडर, ज्याला जे नाव माहीत असेल ते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने ते एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, पण म्हणून ते बंद झालं असं काही नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यावर धाड टाकली तेव्हा शेकडो किलो माल निघाला, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. बातमीत किलो येतात, कोटी येतात, किती जणांना अटक झाली ते येतं. पण ही पावडर ओढून जो माणूस रात्रभर, कधी सलग दोन रात्री, दोन-तीन-चार जणांबरोबर सेक्स करतो त्याला नंतर कुठले आजार होतात आणि त्याची तपासणी कोण करतं, हे कुठेच येत नाही.

मी मुंबईत गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. जागेचं नाव लिहिणार नाही, आणि खाली जे प्रसंग येतील त्यात माणूस ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे हा माणूस दोन खिडक्यांच्या मध्ये अडकतो. गुप्तरोगाच्या ओपीडीत त्याला विचारतात, जखम आहे का, पू येतो का, जळजळ होते का, कंडोम वापरला का. नशा करतोस का हे कुणी विचारत नाही, विचारलंच तर "दारू, तंबाखू?" इतकंच, त्यापुढे फॉर्म संपतो. व्यसनमुक्तीत गेला तर कधीपासून घेतोस, किती घेतोस, घरी कोण कोण आहे, पैसे कुठून आणतोस हे सगळं विचारतात, पण घेतल्यावर सेक्स करतोस का, कुणाबरोबर, कसा, हा प्रश्न येतच नाही, आणि ग्रुप सेशनमध्ये दहा पुरुषांसमोर कोण स्वतःहून सांगणार की मी एमडी फक्त पुरुषांबरोबर झोपायचं असतं तेव्हाच घेतो? म्हणजे दोन्हीकडे त्याने अर्धी गोष्ट सांगायची आणि दोन्हीकडून अर्धा उपचार घेऊन घरी जायचं.

याला कारणही आहे. आपल्या देशात नशा आणि एचआयव्ही हा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सुई येते, हेरॉइन येतं, मणिपूर, मिझोराम, पंजाब येतात. नॅकोचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचे, कार्यक्रमही तसेच बांधले गेले, सुया बदलून द्यायच्या, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी द्यायची. ते काम फार मोठं आहे आणि त्याने खूप जीव वाचलेत, त्याबद्दल शंकाच नाही. पण एमडी घेणारा बहुतेक वेळा सुई घेत नाही, तो नाकात ओढतो किंवा गिळतो, आणि ब्युप्रेनॉर्फिन जशी हेरॉइनच्या जागी देता येते तशी एमडीच्या जागी द्यायला कुठली गोळीच नाही. दुसरीकडे एचआयव्ही रोखण्यासाठीच्या हस्तक्षेप प्रकल्पांमध्ये गट पाडलेले, सुईने नशा करणारे एका प्रकल्पात, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष दुसऱ्यात, सेक्स वर्क करणाऱ्या बायका तिसऱ्यात. आणि जो माणूस बँकेत नोकरी करतो, अंधेरीत फ्लॅट शेअर करून राहतो, महिन्यातून एकदा डेटिंगच्या अॅपवर "हाय फन" (म्हणजे नशा करून सेक्स) लिहिलेल्या प्रोफाइलला मेसेज करतो, तो यातल्या कुठल्याच रजिस्टरमध्ये बसत नाही, तो स्वतःही म्हणतो, "ताई, मी काय अॅडिक्ट नाहीये."

आता शरीरात काय होतं ते लिहिते, कारण "नशेत भान राहत नाही म्हणून रोग होतात" एवढंच सांगून लोक मोकळे होतात, आणि ते फारच अपुरं आहे.

एमडी हे उत्तेजक आहे. झोप जाते, भूक जाते, हृदय धडधडतं, तोंड कोरडं पडतं, जबडा आवळला जातो. सेक्सची इच्छा खूप वाढते, समोरचा माणूस एकदम जवळचा वाटायला लागतो, आणि त्याच वेळी शरीर मात्र नीट साथ देत नाही, ताठरपणा टिकत नाही, वीर्यपतन होत नाही, त्यामुळे जे अर्ध्या तासात संपलं असतं ते सहा-सहा तास चालतं. एवढा वेळ घर्षण झालं की कातडी सोलली जाते, आतल्या नाजूक अस्तराला बारीक चिरा पडतात, आणि नशेत दुखणं कळत नाही म्हणून माणूस थांबत नाही. त्या चिरांमधून एचआयव्ही, सिफिलिस, हेपॅटायटिस सगळ्यांनाच आत जायला सोपं. ताठरपणा गेला की कंडोम सैल पडतो, निसटतो, मग कुणीतरी म्हणतं जाऊ दे. ल्यूब, म्हणजे ओलावा देणारी जेली, संपतं, स्वयंपाकघरातून खोबरेल तेल येतं, आणि तेलाने लेटेक्सचा कंडोम फाटतो हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात नसतं. ल्यूबच्या एकाच डबीत सगळ्यांची बोटं जातात. प्रेपची रोजची गोळी (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची) किंवा एआरटीची गोळी (एचआयव्ही असलेल्यांनी घ्यायची) रात्री नऊला घ्यायची असते, तर नऊ कधी वाजले तेच कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचेही नऊ वाजून जातात.

म्हणून समोर बसलेल्या पोराला मी कधीच "कंडोम का नाही वापरला" असं विचारत नाही. त्याला वापरायचा असतो. तो खिशात घेऊन गेलेला असतो. पहिल्या दोन तासांत वापरलेलाही असतो. म्हणून मी विचारते की किती तास चाललं, किती जण होते, मध्ये पाणी प्यायलास का, शेवटी काय झालं ते आठवतं का. "आठवत नाही" हे उत्तर ऐकू आलं की पुढच्या सगळ्या टेस्ट मी त्या उत्तराच्या हिशोबाने करायला सांगते.

आता टेस्टचं. इथे मला मनापासून तळमळ आहे म्हणून जरा लांबेल, वाचा.

आपल्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांसाठी रंगांची किट असतात, पू येत असेल तर राखाडी, न दुखणारी जखम असेल तर पांढरं, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर निळं, हर्पिससारखे फोड असतील तर लाल, असं. लॅब नसलेल्या गावातसुद्धा त्याच दिवशी औषध मिळावं म्हणून ही पद्धत आहे आणि ती लाखो लोकांच्या कामी येते. पण ही पद्धत लक्षणांवर चालते. लक्षण दिसलं तर किट. आणि घशातला परमा, म्हणजे गनोरिया, बहुतेक वेळा काहीच लक्षण देत नाही. गुदद्वारातला गनोरिया आणि क्लॅमिडियासुद्धा कित्येकदा गप्प बसून राहतो. लघवीची टेस्ट केली तर ती निगेटिव्ह येते, कारण जंतू लघवीच्या जागी नाहीतच, ते घशात आहेत. मग हा माणूस रिपोर्ट घेऊन खूश होऊन घरी जातो आणि पुढच्या शनिवारी तोच जंतू आणखी तिघांना देतो. तीन ठिकाणचे नमुने घ्यायला हवेत, लघवी, घसा, गुदद्वार, आणि त्यासाठी माणसाने सांगायला हवं की सेक्स कसा केला, आणि आम्ही ते तोंड वाकडं न करता विचारायला हवं. खाजगी लॅबमध्ये ही तपासणी महाग पडते हे मला माहीत आहे, परवडत नसेल तर निदान डॉक्टरला सांगा तरी, म्हणजे तो त्या अंदाजाने औषध ठरवेल. मेडिकलमधून स्वतःच अझिथ्रो घेऊन मोकळं होऊ नका, गनोरियावर एकेकाळी चालणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या आता बहुतेक ठिकाणी निकामी झाल्यात त्या अशाच अर्धवट वापराने.

सिफिलिस, जुनी माणसं ज्याला गर्मी म्हणतात, त्याची तर वेगळीच अडचण. पहिली जखम साधारण तीन आठवड्यांनी येते आणि ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही, गुदद्वारात किंवा तोंडात असेल तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते, माणसाला वाटतं गेलं. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा, खाज नाही. एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा आधी दोन ठिकाणी अॅलर्जी म्हणून स्टेरॉइडचं मलम लावून आलेला होता. कुणी त्याला व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ताची टेस्ट, सांगितली नव्हती, आणि त्यानेही काही सांगितलं नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सुरुवातीच्या टप्प्यात सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकदाच दिलेलं इंजेक्शन पुरतं, इतका जुना आणि साधा उपचार आहे. उशीर झाला तर आठवड्याला एक अशी तीन. दुर्लक्ष केलं तर डोळे, कान, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, त्याने घाबरू नका, बरं झालं का ते व्हीडीआरएलचा आकडा उतरतोय का त्यावरून कळतं, आणि परत लागण झाली का तेही त्यावरूनच, म्हणून जुने रिपोर्ट फाडून टाकू नका. भीतीपोटी बरेच जण फाडतात.

हेपॅटायटिस सी लोकांना माहीतच नसतो. तो रक्तातून जातो. नाकातून ओढताना आतलं अस्तर सोलतं, बारीक रक्त येतं, ते नळीला किंवा गुंडाळलेल्या नोटेला लागतं आणि तीच नोट पुढच्याकडे जाते. जे थोडे जण सुई घेतात, ज्याला स्लॅम म्हणतात, त्यांना धोका कितीतरी जास्त. निदान आपली नळी आपल्याजवळ ठेवा, सुई तर कुणाचीच नको. चांगली बातमी ही की २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी हेपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो. बरा झाल्यावर परत होऊ शकतो, तेही सांगते. हेपॅटायटिस बीची मात्र लस आहे, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण. मोठ्या माणसांपैकी फार कमी लोकांनी घेतलेली असते.

मग येतो तो ७२ तासांचा हिशोब. एचआयव्हीची शक्यता असलेला संबंध झाला तर पेपची, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायची, औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस रोज घ्यायची. आता बघा, शनिवारी पहाटे दोनला कंडोम फाटला. सेशन, म्हणजे नशा-सेक्सची ती पार्टी, रविवारी दुपारपर्यंत चाललं. रविवारी संध्याकाळी उतरायला लागलं, अंग मोडून आलं, मन पार खचलं, रडू येतंय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. सोमवार झोपण्यात गेला. मंगळवारी सकाळी डोकं जाग्यावर आलं, गूगल केलं, पेप हा शब्द सापडला, आणि मंगळवारी पहाटे दोनलाच ७२ तास संपलेले असतात. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवते, तुझ्या मित्रांमध्ये जो घेत नाही अशा एकाला हा आकडा पाठ करायला लाव, तो तुला रविवारी रात्री उठवून मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जाईल. आणि दर महिन्याला हीच वेळ येत असेल तर पेपच्या मागे धावण्यापेक्षा प्रेप सुरू करायचं बोला, त्याआधी एचआयव्हीची आणि किडनीची तपासणी होते, मग गोळी. एवढं लक्षात ठेवा, प्रेप एचआयव्ही थांबवतं, सिफिलिस-गनोरिया थांबवत नाही. एआरटीवर असून व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर सेक्समधून एचआयव्ही पुढे जात नाही, ही आयुष्य बदलणारी गोष्ट आहे, पण बाकीच्या आजारांची तपासणी त्यालाही दर तीन महिन्यांनी हवीच. सेक्सनंतर ७२ तासांत डॉक्सीसायक्लिन घ्यायची पद्धतही अमेरिकेत २०२४ मध्ये अधिकृत मार्गदर्शनात आली, सिफिलिस आणि क्लॅमिडिया त्याने बरेच कमी होतात, पण ते सगळ्यांसाठी नाही, डॉक्टरशी बोलूनच.

औषधांचं एक फार महत्त्वाचं. एआरटीमध्ये ज्यांच्या गोळीत रिटोनाव्हिर आहे, साधारण सेकंड लाइनवाले, म्हणजे पहिली औषधं चालली नाहीत म्हणून बदललेले, त्यांच्या शरीरात रिटोनाव्हिरमुळे इतर औषधं आणि नशेचे काही पदार्थ लिव्हरमध्ये लवकर मोडत नाहीत, साठत जातात, आणि नेहमीएवढंच घेतलेलं जीवावर बेतू शकतं. पहिल्या टप्प्यातल्या टीएलडी गोळीत रिटोनाव्हिर नसतं. आपल्या गोळीत काय आहे ते एआरटी सेंटरला विचारून घ्या. आणि ताठरपणासाठी घेतलेली व्हायग्रासारखी गोळी आणि पॉपर्स, म्हणजे बाटलीतून हुंगायचं रसायन, हे एकत्र कधीही नाही, ब्लड प्रेशर एकदम कोसळतं.

बायकांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून बोलते. एमडी मुलीही घेतात, आणि त्यांच्याबाबतीत "संमती होती का" हा प्रश्न पहिला येतो, रोगाचा नंतर. बेशुद्धीत किंवा अर्धवट शुद्धीत झालेलं असेल तर ती तक्रार करो न करो, हॉस्पिटलला तिला मोफत उपचार द्यावेच लागतात, पेपसकट, आणि गर्भ राहू नये म्हणून गोळीही. गनोरिया आणि क्लॅमिडिया बायकांमध्ये बहुतेक वेळा लक्षणाशिवाय राहतात आणि वर गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत जाऊ शकतात, पुढे मूल राहायला त्रास होऊ शकतो, आणि मग दोष तिलाच. दुसऱ्या त्या, ज्यांनी आयुष्यात पावडर बघितली नाही. नवरा शनिवारी "ऑफिसच्या पार्टीला" जातो आणि तिला गरोदरपणाच्या तपासणीत कळतं की सिफिलिस पॉझिटिव्ह आहे. ती माझ्यासमोर बसून विचारते, "ताई, हे मला कसं झालं?" त्या वेळी तिच्यासाठी आणि बाळासाठी पेनिसिलिन ताबडतोब, नवऱ्याला बोलावणं, आणि त्याच्याशी वेगळं बसून बोलणं, या क्रमाने मी जाते. नवऱ्याचा उपचार झाला नाही तर तिला परत होणार.

जोडीदारांना कळवणं हेच सगळ्यात अवघड. अॅपवर खोटं नाव, सेशन संपलं की ब्लॉक. तरी दोघा-तिघांपर्यंत निरोप पोचतो, एखादा येतोही, आणि तो एक आला तरी साखळी कुठेतरी तुटते.

पोलिसांची भीती. ती खोटी नाही, एनडीपीएसमध्ये सेवनालाही शिक्षा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४ए आहे, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये जो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो आणि पूर्ण करतो त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये नशेशी संबंधित आजारही धरलेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे. एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, काही अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तुमची टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट कुणाला सांगता येत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं त्याच महिन्यात गेलं. अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर पॉक्सोमुळे नियम वेगळे आहेत, कळवावं लागतं, ते लपवून सांगणार नाही. बाकी, ओपीडीत बसून "मी एमडी घेतो" म्हणालात म्हणून आम्ही कुणाला फोन करत नाही.

लंडनमध्ये सोहो भागात ५६ डीन स्ट्रीट नावाचं सरकारी क्लिनिक आहे, तिथे डेव्हिड स्टुअर्ट या माणसाने, जो स्वतः नशेतून बाहेर आलेला होता, गुप्तरोगाच्या तपासणीला आलेल्या माणसाशी तिथल्या तिथे नशेबद्दल बोलायची पद्धत बसवली. रक्त द्यायला आलास ना, मग दहा मिनिटं बस, या शनिवारी न घेता राहता येईल का ते बघू, एवढंच. स्टुअर्ट २०२२ मध्ये गेला. आपल्याकडे हे करायला नवीन इमारत लागत नाही. मुंबईत समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, समुपदेशक आहेत, आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशनाची केंद्रं, आहेत, आता संपूर्ण सुरक्षा केंद्रंही आहेत. आमच्या फॉर्मवर "दारू, तंबाखू" च्या पुढे "एमडी किंवा इतर काही, आणि सेक्सच्या वेळी घेता का" एवढी ओळ छापा, आणि व्यसनमुक्तीच्या फॉर्मवर वर्षातून चार वेळा एचआयव्ही, सिफिलिस, हेपॅटायटिसची टेस्ट लिहा. मी हे बैठकीत बोलते, पुढच्या बैठकीतही बोलणार आहे.

तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता या स्थितीत असाल तर डॉक्टरला असं सांगा, "मी एमडी घेऊन सेक्स केला, अमुक दिवशी, तोंडाने-मागून-पुढून, कंडोम नव्हता किंवा आठवत नाही." यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नाही. कुणी लेक्चर द्यायला लागलं तर दुसरीकडे जा, पण जा. नॅकोची हेल्पलाइन १०९७, नशेसाठी १४४४६, दोन्ही फुकट. आणि ७२ तास उलटून गेले असतील तरी घरी बसू नका, आत्ताची टेस्ट करून ठेवा, म्हणजे आधीपासून काही होतं का ते कळेल, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी परत, तोपर्यंत कंडोमशिवाय नाही आणि रक्तदान नाही, आणि त्याच फेरीत हेपॅटायटिस बीची पहिली लस घेऊन या.